मदत हवी आहे: फायास उत्सवासाठी वॅलेन्सियात आईबाबांना कुठे ठेवू?

मार्चमध्ये आईबाबांना स्पेनमधल्या वॅलेन्सियाला फायास बघायला न्यायचंय. १९ तारखेच्या रात्री चौकाचौकातले ते भलेमोठे पुतळे जाळतात, ती क्रेमा आईला काहीही करून बघायचीच आहे. शहरातल्या रुसाफा भागात लायटिंग भारी असतं पण रात्रभर फटाके, बाबांना झोप कशी लागणार, त्यापेक्षा मालवारोसा बीचजवळ रूम घेतली तर मध्यरात्रीनंतर परत यायला मेट्रो, ट्राम काही मिळतं का? दुपारी २ ची मास्क्लेता म्हणजे नुसता फटाक्यांचा गडगडाट, छातीत हादरे बसतात, आणि बाबांची अँजिओप्लास्टी झालीय, त्यांना टाउन हॉलच्या चौकापासून किती लांब थांबवू? आई शुद्ध शाकाहारी, तिकडच्या मूळ पाएयात (भाताचा पदार्थ) चिकन आणि ससा असतो, नुसत्या भाज्यांचा करून देणारं कुणी माहितीये? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, बुकिंग करायचंय.