रूबेन्सचा आंधळा : खडूचा कागद मोठा की वेदीवरचं चित्र?

रेषावेडी
फ्लेमिश चित्रकार रूबेन्सचं ‘संत फ्रान्सिस झेवियरचे चमत्कार’ (१६१७-१८) हे पाच मीटरहून उंच चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. त्यातल्या आंधळ्याचं काळ्या खडूतलं रेखाटन त्याच शहरात, आल्बेर्टिना संग्रहालयात. माझं स्पष्ट मत : संतांच्या हातून रोगी बरे होतात हा बरोक काळाचा (सतराव्या शतकातल्या भव्य, नाट्यमय कलेचा) लाडका विषय, पण त्यातलं अस्सल काम अशा कागदांवर झालंय. मोठ्या चित्रात झेवियर चौथऱ्यावर उभा आहे, हात वर, कुणाला साधा स्पर्शही करत नाही. कागदावर संत नाहीच. दोन्ही हात पुढे करून चाचपडणारा एक माणूस, बस्स. डोळ्यांचं काम बोटं करताहेत. दृष्टी मिळणं म्हणजे काय, हे मला त्या हातांवरून कळलं, वरच्या देवदूतांवरून नाही.

पणजीकर
अजिबात पटलं नाही. तो कागद सुटा काढलेलाच नाही, अँटवर्पच्या जेझुइट चर्चच्या कामाची ती तयारी होती. जेझुइट म्हणजे झेवियर ज्यात होते तो ख्रिस्ती पाद्र्यांचा संघ. झेवियरना संतपद मिळालं १६२२ साली, म्हणजे चित्र त्याच्या आधीचं. आपल्या माणसाची बाजू मांडायला त्या संघाने करून घेतलेलं. आणि त्याच चित्रात मागे देवळातली मूर्ती मोडून पडतेय, त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत! सोळाव्या शतकात गोव्यात देवळं पाडली गेली, मंगेश कुशस्थळीहून जुवारी नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला. आम्ही ती मूर्ती आधी बघणार. आंधळ्याला डोळे देणं आणि मूर्ती फोडणं एकाच चौकटीत, एकाच कौतुकाने रंगवलंय. त्यातले हात तेवढे कापून घ्यायचे आणि करुणा म्हणायचं?

रेषावेडी
मग माझंच म्हणणं बळकट होतं ना! प्रचार चित्रात आला, कागदावर नाही. खडू हातात असताना रूबेन्सला फक्त न दिसणारा माणूस कसा उभा राहतो एवढंच हवं होतं.

खडूकोळसा
ताई, ‘स्पर्शही करत नाही’ हा दोष नाही, तोच तर अर्थ आहे. चमत्कार देवाचा, संत फक्त रदबदली करणारा, ही चर्चची शिकवण. त्यात १५६३ च्या ट्रेंट परिषदेच्या (कॅथलिक चर्चच्या धर्मसभेच्या) ठरावानंतर नवा चमत्कार बिशपने पारखल्याशिवाय मान्य होत नसे. म्हणून हात वर. शिवाय हे चित्र मुख्य वेदीवर लागायचं, जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस याच्या चित्राशी आलटूनपालटून. खाली गुडघे टेकलेल्या माणसाला सगळ्यात जवळ कोण? रोगी आणि मेलेले उठणारे. संत त्यांच्या पलीकडे. १७७३ मध्ये जेझुइट संघ बरखास्त झाला, १७७६ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसाने चित्रं व्हिएन्नाला नेली. आता संग्रहालयाच्या भिंतीवरच्या चित्रासमोर उभं राहून ‘संत लांब वाटतो’ म्हणणं अन्यायाचं आहे.

दिवारची_बाय
तुम्ही सगळे चित्रकाराबद्दल बोलताय. आजाऱ्याचं काय? जुन्या गोव्यात सायबाची, म्हणजे झेवियरची, चांदीची शवपेटी बघा, १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली, पत्र्यांवर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग. ती झाली मार्सेलो मास्त्रिल्लीमुळे. नेपल्समध्ये डोक्यात हातोडा पडून हा पाद्री मरायला टेकला होता. झेवियरनी दर्शन दिलं म्हणून वाचलो, असं तो सांगायचा. ही नवसफेड आहे हो. २०२४-२५ च्या झेवियरच्या शवप्रदर्शनाला रांगेत हिंदूही होते, घरातल्या दुखण्याचं गाऱ्हाणं घेऊन. त्यांना प्रचार म्हणणार?

पणजीकर
बाय, रांगेतल्या माणसाच्या श्रद्धेला मी हात लावत नाही, आमच्याच घरचे जातात. माझा वाद चित्राशी आहे. आणि खडूकोळसा, तुमच्या खुलाशाने तर गोष्ट अधिक गंभीर झाली. चमत्कार देवाचा म्हणता, तर मूर्ती फोडणारा तो उजेडही थेट आभाळातूनच येतोय. देऊळ पाडणाऱ्या हातांची जबाबदारी त्या चित्रात कुणावरच राहत नाही.