कोटा ५ चा २० केला आणि पब्लिक आयपीचं बिल वाढलं, कोट्याचे पैसे लागतात का?

केळीपट्टा_कोडर: रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याचं भाव कळवायचं ॲप सांभाळतो, सगळं एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनची भाड्याच्या सर्व्हरची सेवा) मुंबई रीजनवर आहे. इलास्टिक आयपी, म्हणजे आपल्या नावावर घेऊन ठेवायचा इंटरनेटवरचा पक्का पत्ता, त्याचा कोटा (जास्तीत जास्त किती घेता येतील ती मर्यादा) ५ होता तो २० करून घेतला, आणि आता ३० दिवसांच्या बिलात पब्लिक आयपीव्ही४ ची (इंटरनेटवर दिसणाऱ्या सगळ्या पत्त्यांची) ओळ १८ डॉलरवरून थेट ५०.४० वर, शेठ म्हणतो काय लावलंय हे. जास्तीचे ९ नुसते घेऊन ठेवलेत, कशाला जोडले पण नाहीत.

धुळे_सर्व्हरवाला: कोटा फुकट असतो भो, पैसे तू घेतलेल्या ९ आयपीचे आहेत. एका आयपीला तासाला ०.००५ डॉलर, ३० दिवसांचे ३.६०, त्याला १४ ने (जुने ५ आणि नवे ९) गुण. शेतात जास्तीचं मीटर मंजूर झालं म्हणून बिल येत नाही, पण बसवलं की पंप बंद असला तरी स्थिर आकार लागतोच ना, तसंच.

जंक्शन_भुसावळ: पण चालू सर्व्हरला जोडलेला आयपी फुकट असतो ना? मला तरी तेच माहितीये

धुळे_सर्व्हरवाला: जुनं झालं ते, १ फेब्रुवारी २०२४ पासून जोडलेला असो की रिकामा, सारखाच दर. आणि खरी गंमत पुढे आहे, कोटा फक्त इलास्टिक आयपी मोजतो, बिल मात्र सगळे पब्लिक आयपीव्ही४ मोजतं. सर्व्हर चालू करताना आपोआप मिळालेला, लोड बॅलन्सरने (येणारं काम सर्व्हरांमध्ये वाटणारा) प्रत्येक झोनला, म्हणजे रीजनमधल्या प्रत्येक वेगळ्या डेटा सेंटर गटाला, एक घेतलेला, सगळे त्यात येतात, म्हणून कोट्याच्या पानावर ५ दिसले तरी बिलात ८ निघू शकतात. आयपॅममध्ये (एडब्ल्यूएसचं आयपी सांभाळायचं टूल) पब्लिक आयपी इनसाइट्स आहे, फुकट आहे, तिथे कुठला आयपी कुणाकडे ते दिसतं. आणि हो, डिसअसोसिएट करून (सर्व्हरपासून नुसता सोडवून) थांबू नको, रिलीज कर (एडब्ल्यूएसला परत दे), नाहीतर मीटर चालूच. कोटा २० राहू दे, त्याचं काही लागत नाही.

जंक्शन_भुसावळ: रिलीज करायच्या आधी डीएनएसमध्ये (साइटच्या नावापुढे आयपी लिहिलेली यादी) तो आयपी कुठे टाकलाय का बघ रे, एकदा दुसऱ्याकडे गेला की परत मिळत नाही

केळीपट्टा_कोडर: ८ सोडले. नववा राहिला, तो सावद्याच्या वजनकाट्यावरच्या पोराने कॉम्प्युटरमध्ये आधीच टाकून ठेवलाय, आणि तो पोरगा लग्नाला गेलाय.