युरोपियन संसदेची स्ट्रासबुर्ग वारी बंद व्हावी का?

चौकस: युरोपियन युनियनची संसद ब्रसेल्सला भरते, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. समित्यांचं काम तिथे चालतं हे खरं, पण अधिकृत ठिकाण फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग आणि सचिवालय लक्झेंबर्गचं. वर्षाला 12 अधिवेशनं स्ट्रासबुर्गलाच घ्यायची, असं करारात लिहिलंय. म्हणून अधिवेशन आलं की ब्रसेल्सच्या कार्यालयांत दाराबाहेर कागदपत्रांच्या पेट्या भरून ठेवतात, ट्रक त्या घेऊन 400 हून जास्त किलोमीटर जातात, खासदार-कर्मचाऱ्यांसाठी खास रेल्वेगाडी सुटते. चार दिवसांनी सगळा पसारा परत. युनियनच्याच लेखापरीक्षकांनी 2014 मध्ये हिशेब मांडला : स्ट्रासबुर्ग सोडलं तर वर्षाला 11 कोटी 40 लाख युरो वाचतील. माझं स्पष्ट मत, हे थांबावं. आपण कुठे बसायचं ते संसदेनंच ठरवावं.

राईनकाठचा: साफ असहमत. हे शहर 1871 मध्ये जर्मनीकडे गेलं, 1918 मध्ये फ्रान्सकडे आलं, 1940 मध्ये पुन्हा जर्मनीकडे, 1944 मध्ये परत फ्रान्सकडे. पंचाहत्तर वर्षांच्या आत चार वेळा झेंडा बदलला! ज्यांनी 9 मे 1950 ला कोळसा-पोलाद एकत्र करायची योजना मांडली, जिच्यातून पुढे युनियन उभी राहिली, ते फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान स्वतः जन्मानं जर्मन नागरिक होते, पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच झाले. मी राईन नदीच्या पलीकडच्या काठावर, जर्मनीतल्या केलमध्ये राहतो. 2017 पासून स्ट्रासबुर्गची ट्राम राईन ओलांडून आमच्या गावात येते. ज्या काठासाठी माणसं मेली तिथे आता सगळ्या युरोपचे खासदार एकत्र बसतात. तुमचे ते 11 कोटी युनियनच्या अर्थसंकल्पाच्या 0.1 टक्काही भरत नाहीत.

तळटीप: भावना समजते, पण सुरुवात एवढी उदात्त नव्हती. जुलै 1952 मध्ये त्याच योजनेतून झालेल्या कोळसा-पोलाद समुदायाचं मुख्यालय कुठे करायचं यावरून सहा देशांचे मंत्री रात्रभर भांडले. बेल्जियम आपल्या लिएज शहरावर अडून बसला. शेवटी लक्झेंबर्गचे मंत्री जोसेफ बेक म्हणाले, तूर्त आमच्याकडे काम सुरू करा. लक्झेंबर्गला मोठं सभागृह नव्हतं. स्ट्रासबुर्गला युरोप परिषदेचं होतं (ती वेगळी संस्था), म्हणून सभा तिथे. ही तात्पुरती सोय सदस्य देशांच्या नेत्यांच्या 1992 च्या एडिंबरा बैठकीत कायम झाली आणि 1997 च्या ॲम्स्टरडॅम करारात गेली.

वऱ्हाडी: मी अमरावतीचा. नागपूरचं हिवाळी अधिवेशनही 1953 च्या नागपूर करारातून आलंय आणि त्यावरही दरवर्षी खर्चाची ओरड होते. दिलेला शब्द खर्चाच्या नावाखाली मोडू नये. लहान शहराला एकदा दिलेलं काढून घेतलं की परत मिळत नाही.

चौकस: शब्द कुणी कुणाला दिला ते बघा. इथे शब्द सरकारांनी एकमेकांना दिलाय, बांधली गेली संसद. ऑगस्टला सुट्टी असते, म्हणून एका महिन्यात दोन अधिवेशनं घ्यावी लागतात. संसदेनं 2012 आणि 2013 साठी ठरवलं की ऑक्टोबरमधली दोन्ही एकाच आठवड्यात, दोन-दोन दिवसांची उरकू. फ्रान्स कोर्टात गेला आणि डिसेंबर 2012 मध्ये जिंकला. पुढच्याच वर्षी खासदारांनी 483 विरुद्ध 141 मतांनी ठराव केला की ठिकाण ठरवायचा हक्क आम्हाला द्या. काही झालं नाही, कारण करार बदलायला सगळ्या देशांची संमती लागते. एकटा फ्रान्स नाही म्हणाला की विषय संपला.

राईनकाठचा: मग फ्रान्सला बदल्यात काय देणार, तेही सांगा. कराराच्या ज्या प्रोटोकॉलनं, म्हणजे जोडपत्रानं, स्ट्रासबुर्गला संसद दिली, त्यानंच लक्झेंबर्गला न्यायालय दिलं. मंत्र्यांच्या बैठकाही एप्रिल, जून आणि ऑक्टोबरमध्ये ब्रसेल्स सोडून लक्झेंबर्गला होतात, त्यावर कुणी धागा काढत नाही! सगळंच ब्रसेल्सला नेलं तर बाकीच्यांनी युनियन आपली का मानावी?

तळटीप: वाटणीचं तत्त्व ठीक, पद्धत बघा. ब्रेक्झिटमुळे युरोपियन औषध संस्था लंडनहून हलवायची होती. 2017 मध्ये ॲम्स्टरडॅम आणि मिलान यांना समान मतं पडली आणि चक्क चिठ्ठी टाकून ॲम्स्टरडॅम ठरलं.

चौकस: आणि त्यावरून खटला झाला. 2022 मध्ये न्यायालयानं सांगितलं की अशा संस्थांची जागा सरकारांनी आपसांत ठरवायची नाही, कायदे करणाऱ्यांनी ठरवायची. म्हणून 2024 मध्ये काळ्या पैशाविरुद्धच्या नव्या संस्थेसाठी फ्रँकफुर्ट निवडताना संसदेनंही मत दिलं. दुसऱ्यांच्या कार्यालयाचा पत्ता ठरवायला संसद चालते, स्वतःचा नाही. राईनकाठचे, अधिवेशनं स्ट्रासबुर्गलाच राहू देत, अगदी समित्याही तिकडे न्या, माझी हरकत नाही. पण निर्णय निवडून आलेल्या खासदारांचा हवा.