भिवंडीला माल पाठवण्याआधी

ताई, मसाल्याची पाकिटं ॲमेझॉनच्या भिवंडीच्या गोदामात ठेवायची तर ॲमेझॉनच्या बारकोडची लेबलं चिकटवली की झालं का, असं तुम्ही विचारलंत. लेबलांच्या आधी जीएसटीचं बघा. माल ज्या गोदामात राहणार त्याचा पत्ता तुमच्या नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून जोडलेला हवा. भिवंडीचा पत्ता तुमच्या महाराष्ट्राच्या नोंदणीतच बसतो. बंगळुरूला पाठवायचं झालं तर कर्नाटकची वेगळी नोंदणी लागते, आणि आपलाच माल आपल्यालाच पाठवताना आयजीएसटी (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल जाताना लागणारा जीएसटी) लावून बिल करावं लागतं. तो कर पुढे भरायच्या करातून वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. छोट्या घरगुती धंद्याला हे झेपत नाही, म्हणून सुरुवातीला एकाच राज्यात राहा, हा माझा आग्रह. राज्यातल्या राज्यात डिलिव्हरी चलनावर, म्हणजे विक्री नसताना माल हलवण्याच्या साध्या कागदावर भागतं, माल 1 लाख रुपयांच्या वर गेला तर मात्र ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना काढा.

लेबल मूळ बारकोड पूर्ण झाकेल असं लावा, पाकिटाच्या कडेवर किंवा दुमडीवर नको. थर्मल प्रिंटरची (शाईऐवजी उष्णतेने छापलेली) लेबलं उष्णतेने काळी पडतात, भरलेले खोके उन्हात ठेवू नका. वापराची अंतिम तारीख मात्र कुठल्याही लेबलाखाली जाऊ देऊ नका.