मदत हवी आहे : पत्र्याच्या छतांना पांढरा रंग देण्याबाबत

नमस्कार. विक्रोळीच्या डोंगरउतारावरील आमच्या वस्तीतील महिला मंडळाने उन्हाळ्यापूर्वी गल्लीतील छतांना ऊन परतवणारा पांढरा रंग देण्याचे ठरवले असून, त्यासाठी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. बहुतेक घरांत पोटमाळा आहे. मुले तिथेच अभ्यास करतात, आणि डोक्यावर हातभर अंतरावरचा पत्रा दुपारी असा तापतो की पंखाही गरम वाराच फेकतो. त्यात मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही.

अहमदाबादमध्ये उष्णता कृती आराखड्याखाली वस्त्यांतील छते पांढरी करण्यात आली आहेत. पण आपल्याकडचा पाऊस वेगळा, आणि माझी मुख्य शंका तीच आहे. साधा चुना पावसाळ्यात धुऊन जाईल, तर बाजारातला ॲक्रिलिक रंग अनेक कुटुंबांना परवडणार नाही. शिवाय जूनमध्ये गळतीसाठी निळी ताडपत्री अंथरतात. तिच्याखाली रंग टिकतो का, की पोपडे निघतात?

दुसरी काळजी अधिक गंभीर आहे. काही छते जुन्या सिमेंट पत्र्यांची असून अशा पत्र्यांत ॲसबेस्टॉस असते. त्यांवरचे शेवाळ कोरडे घासल्यास घातक तंतू हवेत उडतात, म्हणून ते काम आम्ही थांबवले आहे. असे पत्रे न घासता, सुरक्षितपणे रंगवून घेतलेले कोणी आहे का?

कृपया कोणता रंग वापरला, किती पावसाळे टिकला आणि गंजलेल्या पत्र्यावर आधी कोणता अस्तर-रंग दिला, हे सविस्तर कळवावे. वॉर्ड कार्यालयात निधीसाठी कोणत्या विभागाकडे अर्ज करावा, हेही सांगितल्यास मंडळ आभारी राहील.