गॅलेक्सी झुंडीने आहेत हे आकड्यांत कसं दाखवायचं?

नवखा_खगोली: स्लोन सर्व्हेचा (आकाशातल्या गॅलेक्सींची मोठी मोजणी) डेटा घेऊन प्लॉट केला, मस्त जाळ्यासारखं दिसतंय, मधे मोठ्या पोकळ्या वगैरे, पण रँडम ठिपक्यांतपण डोळ्याला नक्षी दिसतेच ना, मग हे खरंच आहे हे सिद्ध कसं करतात?

घुबड: शंका रास्त आहे. टू-पॉइंट कोरिलेशन फंक्शन काढ. म्हणजे अमुक अंतरावर गॅलेक्सींच्या किती जोड्या आहेत ते मोजायचं आणि तेवढ्याच जागेत रँडम टाकलेल्या ठिपक्यांच्या जोड्यांशी ताडून बघायचं, जास्त निघाल्या तर झुंड खरी. लँडी-सालेचा १९९३चा फॉर्म्युला घे, सर्व्हेच्या कडांपाशी जोड्या तुटतात तो त्रास कमी होतो.

पायथॉनवाली: आणि ते रँडम नीट बनव!! मी इथेच आपटले होते. लांबच्या फिकट गॅलेक्सी सर्व्हेत येतच नाहीत, त्यामुळे रँडमलापण तोच मास्क (आकाशाचा कुठला भाग बघितला त्याची चौकट) आणि रेडशिफ्टची (म्हणजे अंतराची) तीच वाटणी हवी, नाहीतर दुर्बिणीची मर्यादा तुला विश्वाची रचना वाटेल. एरर बार जॅकनाइफने (डेटाचा एकेक तुकडा वगळून परत परत मोजून) काढ, जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात त्यामुळे जोड्यांच्या संख्येचं साधं वर्गमूळ चालत नाही.

नवखा_खगोली: ओके, आणि बरोबर आलं हे कसं कळणार?

घुबड: जवळच्या अंतरांवर पॉवर लॉ, म्हणजे फंक्शन अंतराच्या एका ठराविक घाताप्रमाणे उतरतं, घात साधारण -१.८. पुढे ५० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास एक बारीक उंचवटा असतो, सुरुवातीच्या विश्वातल्या ध्वनीलहरींची खूण, २००५ मध्ये स्लोनच्याच डेटात सापडला. पण छोट्या तुकड्यात तो शोधत बसू नकोस, नॉइजमध्ये बुडतो.