आजोबांच्या ट्रंकेतला सिद्धेश्वर तलावाचा फोटो, जागाच जुळेना

कडक_भाकरी:
नमस्कार मंडळी. आजोबांच्या ट्रंकेत एक फोटो सापडलाय, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, एका कोपऱ्याला वाळवी लागलीय. सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव आहे हे नक्की, देऊळ दिसतंय, मागं भुईकोटाचा तट, त्याच्याही मागं मिलचं धुराडं आणि पुढं काठावर कोट-टोपीवाले दोघंजण. काल मोबाईलात फोटो घेऊन अख्ख्या तलावाला चक्कर मारली पण कुठनंच बसेना, किल्ला समोर धरला की देऊळ फोटोतल्या उलट बाजूला यायलंय. काका म्हणतेत मार्शल लॉच्या टायमाचा आहे. साल कसं काढायचं?

बाळीवेसकर:
आपल्याकडं जुना फोटो निघाला की मार्शल लॉचाच असतोय बघा 😄 अरे मे १९३० मध्ये रस्त्यावर लष्कर होतं, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात आपल्या चौघा हुतात्म्यांना फाशी दिली, त्या दिवसांत हे दोघं तलावाकाठी एवढे निवांत फोटो काढायलेत होय? धुराड्याचं मात्र कामाचं आहे. सोलापुरातली पहिली गिरणी, आपण जुनी मिल म्हणतो ती, १८७७ ची, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा नाही एवढं पक्कं. आमची आजी घड्याळ बघायचीच नाही, मिलचा भोंगा झाला की तवा चुलीवर.

काच_निगेटिव्ह:
दादा, त्या दोघांच्या कोटाचा छातीवरचा खिसा कुठल्या बाजूला आहे ते झूम करून बघा. माणसाच्या डाव्या छातीवर पाहिजे. उजवीकडं दिसला तर फोटो उलटा छापलाय. पूर्वी काचेची निगेटिव्ह असायची, कागदावर ठेवताना चुकून पालथी पडली की सगळंच आरशातल्यासारखं येतं आणि पाटी-बिटी नसली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मोबाईलात आडवा फ्लिप करा आणि मग चक्कर मारा. आणि हात जोडून सांगतो, पुठ्ठ्यावरनं सोलायला जाऊ नका, फाटतोच. पुठ्ठ्यासकट ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजू पण, स्टुडिओचा शिक्का असला तर साल काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

कडक_भाकरी:
काच_निगेटिव्ह, लई भारी!! खिसा उजवीकडंच निघाला. फ्लिप करून आज सकाळी सहाला गेलो, किल्ल्याच्या समोरच्या काठावरनं देऊळ, तट सगळं बरोब्बर बसलं, धुराडं तेवढं नाही. मागं शिक्का नाही, पेन्सिलनं नुसतं "सोलापूर" लिहिलंय. पण एक घोळ झालाय. आजोबा सांगायचे म्हणे, डावीकडचे आपले पंजोबा. आता ते फोटो बघून सांगायचे का तिथं उभं असल्याचं आठवून, हे कुणालाच माहीत नाही. आत्या एकाला पंजोबा म्हणायलीय, काका दुसऱ्याला.